मिनीव्हॅनचं आपोआप सरकणारं दार बंदच होत नाहीये, मोटर बदलू की थांबू?

टेकडीवरची | ११ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, जरा अक्कल उसनी हवी आहे.

आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटपासून पाऊण तासावर. घरात दोन मुलं (७ आणि ४), सध्या साताऱ्याहून आलेले सासू-सासरे, आणि नऊ वर्षं जुनी, १,१८,००० मैल पळालेली मिनीव्हॅन. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मागे टायरच्या धाग्यावर नाव लिहिलं तर शंभर प्रतिसाद आले, त्यातले नव्वद "तरी मी सांगत होतो" असे होते.

दुखणं असं आहे. उजव्या बाजूचं दार बटण दाबलं की झकास उघडतं. बंद होताना मात्र शेवटचं चार बोटं अंतर राहिलं की थबकतं, तीनदा पिप-पिप करतं आणि उलट्या पावली मागं जातं. पुन्हा बटण, पुन्हा तेच. हे सगळं शाळेच्या दारात, मागं गाड्यांची रांग, बाहेर उणे १२, आणि धाकटा आतून "आई, परत कर, परत कर" म्हणत टाळ्या पिटतोय. शेवटी खाली उतरून खांद्यानं ढकललं की बसतं. थंडी वाढली की हमखास, दुपारी ऊन असलं की कधीकधी गुपचूप बंद होतं.

डीलरकडे नेली. तपासणीचे १७० डॉलर घेतले आणि कागद हातात दिला: मोटर, केबल आणि लॅच (दार बंद झाल्यावर अडकवून धरणारा खटका), तिन्ही बदला, २,३४० डॉलर अधिक कर. नक्की बिघडलंय काय विचारलं तर "गाडीचं वय बघता सगळं एकदमच केलेलं बरं." नवरा म्हणतो विकून टाकू. सासरे म्हणतात, ओमनीचं दार आयुष्यभर हातानं ओढलं, त्याला कुठं मोटर होती?

कुणाला असा अनुभव?

---

तिखट_शेव | ११ जानेवारी, रात्री ११:०२

सासऱ्यांना +१. बाकी मी कुरमुरे घेऊन बसलोय.

---

नटबोल्ट | ११ जानेवारी, रात्री ११:५५

ताई, एक पैसाही देऊ नका अजून.

दार नीट उघडतंय ना? मग मोटर मेलेली नाही. उघडायला आणि बंद करायला एकच मोटर असते, फक्त उलटी-सुलटी फिरते.

आधी यंत्रणा समजून घ्या, मग डीलरशी बोलताना आवाज चढवता येतो. दार तीन ठिकाणी रुळांवर असतं. एक छताजवळ, एक पायरीखाली, आणि एक मधला, जो बाहेरून मागच्या काचेखाली लांब खाचेसारखा दिसतो. बऱ्याच गाड्यांत त्या मधल्या रुळातून पोलादी केबल जाते. मोटर मागच्या चाकाच्या वरच्या पत्र्याआड असते, ती केबल एकीकडे गुंडाळते आणि दुसरीकडे सोडते. विहिरीच्या रहाटासारखं समजा.

शेवटची चार बोटं ही वेगळीच भानगड आहे. तिथं रूळ आत वळतो, सरळ येणारं दार कूस बदलून आत शिरतं, रबरावर दाबलं जातं, आणि मग लॅचमधली दुसरी छोटी मोटर त्याला घट्ट ओढून घेते. म्हणजे सगळ्यात जास्त जोर लागतो तो नेमका तुमच्या त्या चार बोटांत.

आता गाडीचा मेंदू काय बघतो? दार किती वेगानं येतंय आणि मोटरला किती जोर लागतोय. वेग अचानक पडला की तो धरून चालतो, मध्ये कुणाचा तरी हात आलाय, चला मागं. त्याला बोट आणि कुरमुरा यातला फरक कळत नाही. (शेवभाऊ, तुमचे कुरमुरे सांभाळा.) शिवाय दाराच्या पुढच्या कडेला उभी काळी रबरी पट्टी असते. ती दाबली गेली तरी दार मागं फिरतं.

फुकटची परीक्षा: गाडी सपाट जागेवर उभी करा. डॅशबोर्डवरचं पॉवर दाराचं मुख्य बटण बंद करा. मग दार हातानं सावकाश पूर्ण उघडा, पूर्ण मिटा. डोळे मिटून केलंत तर अजून छान. हाताला जे लागेल ते इथं लिहा. संपूर्ण अंतर जड लागलं तर केबल किंवा मोटर. एकाच जागी अडलं तर रूळ किंवा रोलर, म्हणजे रुळात फिरणारी चाकी. लोण्यासारखं सरकलं तर दुखणं विजेचं आहे: पट्टी, वायर, नाहीतर लॅचमधला स्विच.

---

दणकट | १२ जानेवारी, सकाळी ६:२०

मिनीव्हॅन घेतलीच का, हा मूळ प्रश्न आहे. एसयूव्हीला साधं दार असतं. ओढा, आपटा, विषय संपला.

---

चाफेकळी | १२ जानेवारी, सकाळी ६:४१

@दणकट, दोन कारसीट, एका हातात झोपलेलं बाळ, शेजारच्या गाडीत आणि आपल्यात वीतभर जागा. तुमचं साधं दार उघडून दाखवा, मी आत्ता मिनीव्हॅन विकते.

---

मु_पो_मिनेसोटा | १२ जानेवारी, सकाळी ८:१५

"थंडी वाढली की हमखास" हे वाचून आमच्या दाराची आठवण आली. थंडीत तीन गोष्टी एकदम होतात. दाराभोवतीचं रबर कडक होतं, म्हणून दाबायला जास्त जोर लागतो. रुळातलं जुनं ग्रीस चिकीसारखं घट्ट होतं. आणि बारा व्होल्टची बॅटरी निम्मी मेलेली असते. बॅटरी जुनी असेल तर आधी ती तपासून घ्या. पार्ट्सच्या बऱ्याच दुकानांत फुकट तपासतात. इंजिन सुरू होतंय म्हणजे बॅटरी चांगली, असं नाही. ही दारं व्होल्टेजच्या बाबतीत फार नखरेल असतात.

रबराला सिलिकॉन स्प्रे, फडक्यावर घेऊन, नोव्हेंबरातच. आणि कृपा करून गोठलेल्या दारावर गरम पाणी ओतू नका. आमच्या शेजाऱ्यानं ओतलं. पाच मिनिटांत तेच पाणी आत जाऊन बर्फ झालं आणि दार मार्चपर्यंत... बरं, मार्चपर्यंत नाही, पण चार दिवस तरी उघडलं नाही.

गोठलेलं असताना बटणही दाबू नका. मोटर ओढत राहते, दार हलत नाही, आणि मधल्या मध्ये केबलचा जीव जातो.

---

कागदपत्रे | १२ जानेवारी, दुपारी १२:३०

दुरुस्तीआधी रिकॉल बघा, म्हणजे कंपनीनं दोष काढायला गाड्या परत बोलावल्यात का ते. एनएचटीएसएच्या (अमेरिकेचं सरकारी वाहन-सुरक्षा खातं) साइटवर गाडीचा १७ अक्षरी ओळख क्रमांक, म्हणजे व्हिन, टाकला की उरलेला रिकॉल दिसतो. त्याचं काम डीलरला फुकट करावं लागतं. गाडी नवी असताना पहिल्यांदा विकली गेली तिथून १५ वर्षांपर्यंत, आणि तुम्ही तिसरे मालक असलात तरी.

या दारांचे मोठे रिकॉल झालेले आहेत, कुठल्या एकाच कंपनीचे नाहीत. टोयोटानं नोव्हेंबर २०१६ मध्ये २०११ ते २०१६ च्या सिएन्ना परत बोलावल्या, एकट्या अमेरिकेत सुमारे ७,४४,०००. कारण वाचण्यासारखं आहे: दार अडलेलं असताना मोटरवर ताण येऊन फ्यूज उडू शकतो, आणि नेमका त्या क्षणी लॅच सुटलेल्या अवस्थेत असला तर चालत्या गाडीत दार उघडू शकतं. (म्हणजे मिनेसोटाकरांचा "गोठलेलं असताना बटण दाबू नका" हा सल्ला नुसत्या केबलपुरता नाही.) होंडानं २०१८ च्या शेवटी २०१८-१९ च्या सुमारे १,०७,००० ओडिसी बोलावल्या, मागचे लॅच नीट बसत नाहीत म्हणून. २०२० मध्ये पुन्हा २०१८ ते २०२० च्या सुमारे ३,२४,०००. तिथं बाहेरच्या हँडलच्या केबलमध्ये पाणी शिरून गोठत होतं. २०२३ मध्ये किआच्या २०२२-२३ च्या सुमारे ५१,५०० कार्निव्हल. तिथं उलटी तक्रार: मध्ये काही आलं तरी दार वेळेवर मागं फिरत नव्हतं.

टेकडीवरची, तुमची गाडी यातली असेल-नसेल, मला माहीत करून घ्यायचं नाही. व्हिन टाका.

अजून एक. खांद्यानं ढकलून बसवल्यावर डॅशवरचा दार उघडं असल्याचा दिवा विझतो का? विझत नसेल तर त्या बाजूला मूल बसवू नका. इथं मी चेष्टा करत नाहीये.

---

टेकडीवरची | १२ जानेवारी, रात्री ९:५०

दिवा विझतो, बघितलं. तरी धाकट्याची सीट डावीकडे हलवली. व्हिन टाकला, काही बाकी नाही. बॅटरी पाच वर्षांची आहे, शनिवारी तपासून आणते. नटबोल्टदादांची परीक्षा उद्या, आज वादळ आहे.

---

आजोळ | १३ जानेवारी, सकाळी ७:०५

पुण्याहून लिहितोय. अवांतर होईल, माफ करा.

तुमच्या सासऱ्यांच्या ओमनीवरून आठवलं. मारुती व्हॅन आपल्याकडे १९८४ मध्ये आली, आणि अमेरिकेत क्रायस्लरची मिनीव्हॅनसुद्धा १९८४ चंच मॉडेल. दोन्हीकडे सरकतं दार, फक्त त्यांच्याकडे आईबाप मुलांना न्यायचे आणि आपल्याकडे व्हॅनकाका. एका व्हॅनमध्ये चौदा पोरं, बाहेर लटकणारी दप्तरं, आणि काकांनी दार ओढल्याचा तो खर्रर्र-धाड आवाज. आईला त्या आवाजावरून कळायचं, डबा विसरलेलं कार्टं निघालं. आता इथंही कार्निव्हलची दारं बटणावर सरकतात. नातवानं मॉलमध्ये ती बघितल्यापासून आमच्या कपाटासमोर उभा राहून टाळी वाजवतो.

---

नटबोल्ट | १३ जानेवारी, सकाळी ७:४०

काका, चिंचवडला आमचे व्हॅनकाका रुळात मेणबत्ती घासायचे. कोरडं वंगण! धूळ चिकटत नाही. माझं निम्मं मेकॅनिकल इंजिनिअरिंग तिथंच झालं.

---

टेकडीवरची | १४ जानेवारी, संध्याकाळी ५:३०

परीक्षा दिली. मुख्य बटण बंद करून दार सरकवलं. जवळजवळ सगळं अंतर गुळगुळीत. शेवटच्या वळणावर खालून कर्र असा आवाज आणि तिथं जड. डोळे मिटले होते, सासूबाईंनी खिडकीतून बघितलं, त्यांना वाटलं मी दाराला नमस्कार करतेय.

मग टॉर्च घेऊन पायरीखालच्या रुळात बघितलं. देवा! निघालेला माल: दीड मूठ कुरमुरे (शेवभाऊ, खरंच), गणपतीतल्या खिरापतीचं खोबरं असावं असं काहीतरी, लुडोची एक लाल सोंगटी, दोन नाणी, आणि वळणावर मीठ-माती-ज्यूस यांचा दगड झालेला थर. जुन्या टूथब्रशनं आणि कोमट साबणपाण्यानं तासभर घासलं, पुसलं, हेअर ड्रायरनं वाळवलं. नवऱ्यानं डब्ल्यूडी-४० मारायला घेतला, मी थांबवला. बरोबर केलं ना?

निकाल: दहापैकी सहा वेळा बंद झालं. आधी दहापैकी दोनदा व्हायचं.

---

नटबोल्ट | १४ जानेवारी, संध्याकाळी ६:१०

बरोबर केलंत. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा निळा डबा म्हणजे टिकाऊ वंगण नव्हे. तो गंज सोडवतो, जुनं ग्रीससुद्धा धुऊन काढतो आणि बराचसा उडून जातो. लॅचला पांढरं लिथियम ग्रीस चिमूटभर. रुळात ग्रीस थापू नका, नाहीतर पुढच्या महिन्यात तिथं कुरमुऱ्यांचा लाडू वळलेला सापडेल.

दहापैकी सहा म्हणजे अजून काहीतरी आहे. आता दुसरी परीक्षा. दार अर्धं उघडा, मागच्या कडेला खालून दोन्ही हात लावून वर उचलायचा प्रयत्न करा. लुकलुकतं का? आणि मागं, जिथं लॅच अडकतो ती खुंटी बघा. तिच्यावर घासल्याची चकचकीत रेघ मधोमध आहे की खालच्या अंगाला?

---

पाहुणा_पक्षी | १४ जानेवारी, रात्री ८:००

आमचा किस्सा वेगळा. दार मध्येच मरायचं, आणि त्याच वेळी त्या दाराची खिडकी आणि लॉकही मरायचे. तीन महिने मोटरला शिव्या घातल्या. शेवटी एका मेकॅनिकनं खालची प्लास्टिकची साखळी उघडली, ज्यातून वायरी गाडीतून दारात जातात. दार पुढं-मागं होताना त्या वायरी रोज वाकतात. दोन वायरी आतून तुटलेल्या, वरचं आवरण शाबूत. टेकडीवरची, तुमची खिडकी चालते ना? मग हे तुमचं नाही. पण पुढं कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतो.

---

चाफेकळी | १४ जानेवारी, रात्री ९:२५

मीही लिहून ठेवते. सिअॅटलमध्ये आमची केबल गेली. आधी महिनाभर दार सरकताना टिक-टिक आवाज यायचा, आम्ही म्हटलं जाऊ दे. केबलच्या वरचं प्लास्टिक पुलीपाशी फाटलं होतं, मग तारा एकेक उसवत गेल्या आणि एक दिवस दार मध्येच अडकून बसलं, ना पुढं ना मागं. केबल कापून टाकली, दार हाताचं केलं, पैसे वाचवले म्हणून खूश.

पण आमचा ड्राइव्हवे उताराचा आहे. मोटर-केबल जोडलेली असताना दार मध्येच सोडलं तरी आवरलेलं राहायचं. आता गाडीचं नाक उताराकडे असलं आणि दार पूर्ण मागं जाऊन खटक्यात अडकलं नसलं, की ते आपोआप पुढं येतं, आणि दणका देतं. माझ्या मनगटावर बसला. मुलाचं डोकं असतं तर? दुसऱ्याच आठवड्यात केबल बसवून घेतली. बाहेरच्या गॅरेजमध्ये नुसती केबल बदलून मिळाली, मोटर जुनीच ठेवून. मागचं सगळं आतलं प्लास्टिक, तिसऱ्या रांगेचा पट्टा, सगळं उघडावं लागलं. मजुरी पार्टपेक्षा जास्त होती.

---

टेकडीवरची | १८ जानेवारी, दुपारी २:१५

आधी बॅटरी. तपासणाऱ्या मुलानं मान हलवली, बदलली. दार थोडं जोमानं येतं, पण बंद होणं दहापैकी सातच.

मग दार उचलून बघितलं. बोटभर वर जातं आणि टक्क आवाज होतो. डाव्या बाजूचं दार जराही हलत नाही. आणि खुंटीवरची रेघ खालच्या अंगाला! नवरा आता टॉर्च घेऊन माझ्याआधी बाहेर पळतो. विकायचं बोलणं बंद.

---

नटबोल्ट | १८ जानेवारी, दुपारी २:५०

सापडला चोर. मधला रोलर. दाराच्या मागच्या अर्ध्या भागाचं ओझं त्याच्यावर असतं. चाकीचं प्लास्टिक झिजलं किंवा बेअरिंग ढिलं झालं की दाराची मागची बाजू खाली लोंबते. लॅच खुंटीला मधोमध न भिडता खाली भिडतो, जोर वाढतो, मेंदूला वाटतं हात आला, दार मागं. थंडीत रबर कडक, म्हणून अजून लवकर.

मोटर बिचारी सगळ्यांचं ओझं वाहते आणि शेवटी आळही तिच्यावर येतो. आमच्या ऑफिसातल्या एका... असो.

रोलर बदलणं फार अवघड नाही, पण दार जड असतं. एकटीनं करू नका. दाराखाली आधार हवा, दोन माणसं हवीत, आणि पत्र्याला टेप लावून घ्या, नाहीतर रंग गेलाच. पॉवरचं बटण बंद, ते वेगळं सांगायला नको. बाहेरच्या गॅरेजला "मधला रोलर आणि त्याचा हात" एवढंच सांगा. खर्चाची दोन ओळींची चिठ्ठी आधी मागा.

---

दणकट | १८ जानेवारी, रात्री १०:३०

एवढं सगळं वाचल्यावरही माझं मत तेच आहे. पण रोलरचं कळलं. आमच्या कपाटाचं सरकतं दार असंच लोंबतं.

---

टेकडीवरची | २५ जानेवारी, रात्री ९:००

झालं! गावातल्या एका छोट्या गॅरेजवाल्याकडे नेली. पार्ट ७८ डॉलर, मजुरी १३५. जुनी चाकी त्यानं हातात दिली: एका बाजूला चपटी, नखानं प्लास्टिकचा पापुद्रा निघतो. गेले सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, एकदाही दार मागं फिरलं नाही. परवा उणे १५ होतं.

गॅरेजवाल्यानं एक प्रश्न विचारला: "घरात कुणी हे दार चालू असताना हातानं ओढतं का?"

ओढतात. सासरे. बटण दाबल्यावर दार सरकायला लागतं, तो सावकाशपणा त्यांना सहन होत नाही. हँडल धरून साताऱ्याच्या ताकदीनं खेचतात. मोटर आपली एका चालीनं येतेय, हे दुसऱ्या चालीनं. आणि उतरताना त्याच दाराला लोंबकळून उतरतात. चाकी नुसती वयानं झिजली असं नाही, असं तो म्हणाला.

आता ते गाडीत असले की मुख्य बटण बंद ठेवते. दार हाताचं होतं. काल त्यांनी ते खर्रर्र करून ओढलं, धाड करून लावलं आणि म्हणाले, "बघ, दुरुस्त झालं ना."

---

आजोळ | २६ जानेवारी, सकाळी ६:५०

त्यांना माझा नमस्कार सांगा.

---

मु_पो_मिनेसोटा | २६ जानेवारी, सकाळी ८:३०

अभिनंदन. २,३४० च्या जागी २१३. तपासणीच्या १७० चं मात्र वाईट वाटतं.

---

तिखट_शेव | ३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:१२

धागा वर काढतोय. हसू नका. आमच्या व्हॅनचं डावं दार आत्ता हातभर उघडतं आणि दगडासारखं थांबतं. बटणानंही, हातानंही. उजवं ठीक. रूळ घासला, कुरमुरे नाहीत. उचलून बघितलं, लुकलुकत नाही. खिडकी चालते. बॅटरी नवीन. पेट्रोल भरायला गॅस स्टेशनवर उभा आहे, बायको आत अडकलीय आणि बोलत नाहीये.

---

नटबोल्ट | ३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:१४

गॅसचं झाकण उघडं आहे का? बऱ्याच मिनीव्हॅनमध्ये ते डावीकडे असतं. ते उघडं असताना दार मागं येऊन नळीवर आपटू नये म्हणून आत एक खटका असतो, तो दार अडवतो.

---

तिखट_शेव | ३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:१६

झाकण उघडं होतं. बायको अजूनही बोलत नाहीये, पण आता बाहेर उभी राहून.